गाडीचे टायर कधी बदलायचे? इंदूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

मे अर्धा सरला की माझ्या फोनवर टायरचे फोटो येऊ लागतात. रामबागेतून, सुदामा नगरातून, कुणी तर पुण्याला निघताना सामान गाडीत ठेवल्यावर पाठवतं. खाली प्रश्न ठरलेला: “काका, एवढा पावसाळा निघेल ना?” बावीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढल्यावर एवढं नक्की कळलंय की फोटो पाहून याचं उत्तर देऊ नये. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. वाचून झालं की गाडीपाशी उकिडवे बसा आणि टायर स्वतःच्या हातांनी चाचपून पाहा.

१. टायर झिजलाय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

टायरभोवती तीन-चार रुंद खाचा गोल फिरलेल्या असतात. त्यांच्या तळाशी थोड्याथोड्या अंतरावर रबराचे आडवे उंचवटे दिसतील. ते कंपनीनेच ठेवलेले असतात आणि त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. सापडत नसतील तर टायरच्या खांद्यावर (नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे) बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही इंग्रजी अक्षरं शोधा आणि त्याच रेषेत खाचेत बघा. आजूबाजूचं रबर झिजून या उंचवट्यांना समपातळीत आलं की तो टायर संपला, त्यावर चर्चा नाही.

आकड्यात मोजायचं असेल तर खोली मोजायचं छोटं गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. तेही नसेल तर आगकाडी खाचेत उभी टेकवा, रबराच्या पातळीला नखाने खूण करा आणि मुलांच्या कंपासमधल्या पट्टीवर मोजा. काडीचं टोक पट्टीच्या काठाला नाही, शून्याच्या रेघेला लावा. मधल्या कोऱ्या जागेमुळे पुष्कळांचं माप चुकतं. नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी मोजा आणि सगळ्यांत कमी आलेला आकडाच खरा धरा. आतली कड उभ्याने दिसत नाही. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवा, मागच्यांसाठी हात घालून बोटांनी बघा. मी पाहिलेले निम्मे तरी वाईट टायर बाहेरून उत्तम दिसणारे होते.

२. किती किलोमीटर झाले की टायर बदलावा?

किलोमीटरवर ठरवू नका. तोच टायर एकाकडे तीस हजारांत संपतो, दुसऱ्याकडे पन्नास हजार जातो. रोज राजवाडा ते विजय नगर अशी ब्रेक-क्लचची गाडी आणि आठवड्यातून एकदा सरळ रस्त्याने उज्जैनला जाणारी गाडी यांची तुलनाच होत नाही. मीटरवरचा आकडा एवढंच सांगतो की चाळीस हजारांच्या पुढे दर महिन्याला खोली बघायला हवी. निर्णय घ्यायचा तो खोली, वय (प्रश्न ५), जखमा (प्रश्न ६ आणि ७) आणि झीज कशी झाली आहे (प्रश्न ८) यांवरून.

३. कायद्यात १.६ मिलिमीटर आहे, मग तुम्ही ३ ला बदला असं का सांगता?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९४वा नियम कारसाठी किमान १.६ मिलिमीटर खोली मागतो (दुचाकी आणि तीनचाकीला ०.८). त्याच्या खाली गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. १.६ पर्यंत टायर सुरक्षित राहतो असं तो नियम म्हणत नाही.

चालत्या गाडीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. कोरड्या डांबरावर झिजलेला टायरही बरा धरतो आणि तिथेच आपली फसगत होते: आठ महिने गाडी नीट थांबते, मग वाटतं टायरला काय झालंय! पावसात त्या तळहाताखालचं पाणी क्षणार्धात बाजूला जावं लागतं आणि ते जायची वाट म्हणजे खाचा. खाचा उथळ झाल्या की पाणी अडतं, टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि चाक रस्त्यावरून उचललं जातं. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या वेळी ब्रेक दाबला काय, वळवलं काय, गाडी ऐकत नाही. वेग जितका जास्त आणि खाच जितकी उथळ, तितकं हे लवकर होतं. तीन मिलिमीटरच्या खाली पाणी उपसायची ताकद फार झपाट्याने उतरते, म्हणून मी तिथेच थांबायला सांगतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका जुलैत सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरताना पाऊस रिमझिमच होता. वेगही फार नव्हता. पुढे ट्रक दिसला म्हणून हलकाच ब्रेक लावला आणि गाडीची मागची बाजू सरकत सरकत डोंगराकडच्या गटारात गेली. मागच्या सीटवर दोन्ही मुलं झोपलेली होती. गाडी दुसऱ्या, दरीच्या बाजूला सरकली असती तर काय, हा विचार आजही अंगावर येतो. नंतर मागचे टायर मोजले तर दोन मिलिमीटरच्या थोडे वर भरले. म्हणजे कायद्याने चोख. ते मीच, स्वतःच्या हातांनी, “अजून एक सीझन जातील” म्हणून ठेवले होते.

४. दिवाळीला ऑफर असतात. तोपर्यंत थांबलं तर चालेल?

टायर चार मिलिमीटरच्या वर असतील तर खुशाल थांबा. तीनच्या आसपास असतील तर नाही. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत रस्ते ओले असतात आणि नव्या खाचांचा उपयोग नेमका त्या चार महिन्यांत होतो. पहिल्या एक-दोन सरींना तर रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल मिळून साबणासारखा थर होतो. बदलायचेच असतील तर मे अखेरपर्यंत बदला.

५. गाडी वर्षाला तीन हजारच चालते. टायर सात वर्षांचे आहेत, पण दिसतात नव्यासारखे. तरी बदलायचे?

हा प्रश्न बहुतेक अशा घरांतून येतो जिथे मुलं बंगळूरला किंवा परदेशात असतात आणि आई-बाबा गाडी फक्त देवळात आणि दवाखान्यात जायला काढतात. अशा गाड्यांचे टायर झिजून नाही, म्हातारपणाने जातात. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर हळूहळू कडक होतं. उभ्या गाडीचं तर जास्तच, कारण रबर मऊ ठेवणारी द्रव्यं टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात आणि उभ्या टायरमध्ये ते होत नाही.

वय टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत चार आकडे दिसतील. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते. बाहेरून दिसली नाही तर गाडीखालून आतली बाजू बघा.

पाच वर्षं झाली की दर वर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात, आणि टायर कंपन्यांची शेवटची मर्यादा दहा वर्षांची आहे, खोली कितीही शिल्लक असो. माझं मत विचाराल तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी सहाच्या पुढे हायवेवर नेणार नाही. तुमच्या सातवाल्या टायरवर गावात दूध आणायला जा, पण धुळ्याच्या वाटेला लागू नका.

६. बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडल्यात. धोका आहे का?

नखाने भेग उघडून बघा. नख अडकत नसेल, भेगा वरवरच्या असतील आणि टायर चार वर्षांच्या आतला असेल तर लक्ष ठेवून वापरता येईल. नख आत शिरत असेल, भेग लांब होत जाऊन दुसऱ्या भेगेला मिळत असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर बदला. खाचांच्या तळातल्या भेगाही बघा, तिथे कुणी पाहत नाही. काळं चकचकीत पॉलिश मारून घेतलेल्या टायरवर या भेगा दिसत नाहीत. म्हणून तपासण्याआधी टायर नुसत्या पाण्याने धुवा.

७. खड्ड्यात गाडी आदळली आणि टायरच्या बाजूला फुगा आला. हवा कमी करून चालवू का?

नाही. आजच स्टेपनी लावा.

टायरची बाजू फुगते कारण आतले धागे तुटलेले असतात आणि तिथे हवेचा सगळा दाब नुसत्या रबराने पेललेला असतो. हवा कमी केली की ती बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि लवकर फुटते. फुगा दुरुस्त होत नाही. पॅच लावून देतो म्हणणाऱ्या दुकानातून गाडी काढून घ्या. रिमही तपासून घ्या. अलॉय चाकाला बारीक तडा गेला तर नव्या टायरमधूनही हवा जात राहते. बाजूला आत दबलेली लांबट रेघ असेल आणि बाकी काही नसेल तर ती बहुधा टायर बनवताना धाग्यांचा सांधा येतो तिथली असते. तिला घाबरायचं कारण नाही.

८. टायर एकाच बाजूने गुळगुळीत झालाय, दुसऱ्या बाजूला भरपूर नक्षी आहे. असं का?

टायर ज्या पद्धतीने झिजतो त्यावरून गाडीचं दुखणं कळतं. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, म्हणजे हवा कायम कमी. नुसता मध्य झिजला, म्हणजे हवा जास्त. एकच कड गेली, म्हणजे अलाइनमेंट (चाकांचा कोन आणि दिशा) बिघडलं आहे किंवा सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट ढिले झालेत. हात एका दिशेने फिरवला तर मऊ आणि उलट्या दिशेने करवतीसारखा लागला, तर पुन्हा अलाइनमेंटच. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं असणं) बिघडलंय.

एका कडेने संपलेला टायर संपलेलाच धरायचा, उरलेली नक्षी हिशेबात घ्यायची नाही. आणि मूळ कारण दुरुस्त न करता नवा टायर चढवला तर तोही सहा महिन्यांत तसाच होईल. मोठा खड्डा लागल्यावर किंवा दर दहा हजार किलोमीटरला अलाइनमेंट तपासा आणि त्याच वेळी टायरांची अदलाबदल करा. टायरच्या बाजूला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर पुढचा मागे, मागचा पुढे एवढंच करायचं. डावा-उजवा बदलायचा नाही.

९. खोली पाच मिलिमीटर आहे, पण ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते. टायरचा दोष असेल?

आधी बॅलन्सिंग करून घ्या, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. तरीही थरथर राहिली, किंवा हळू चालवतानाही चाक एका लयीत उसळतंय असं वाटलं, तर गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवा. नक्षीचा पट्टा एखाद्या जागी वर उचललेला किंवा वाकडा दिसला तर आतल्या पोलादी जाळीचा थर सुटला आहे. असा टायर वेगात असताना साल निघावी तसा सोलला जातो. खोली कितीही असो, तो लगेच उतरवा.

१०. एका टायरला किती पंक्चर चालतात?

संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. पंक्चर जमिनीला टेकणाऱ्या मधल्या पट्ट्यात असेल आणि भोक साधारण ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर दुरुस्त होतं. खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीवर असेल तर होत नाही. रस्त्यावर बाहेरून दोरी ठोकून देतात ती घरी पोहोचण्यापुरती. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीसारखा, दांडा भोकात बसणारा) लावून घ्या, कारण आत काय झालंय ते त्याशिवाय दिसत नाही.

ट्यूबलेस टायर हवा नसताना एक-दोन किलोमीटर रेटला गेला असेल तर आतली बाजू घासली जाते. टायर उतरवल्यावर आत काळा भुगा निघाला तर पंक्चर एकच असलं तरी टायर गेला. हे दुकानदाराला दाखवायला सांगा आणि तो उतरवत असताना स्वतः समोर उभे राहा.

११. स्टेपनी कधी वापरलीच नाही. ती धरून तीनच नवे घेतले तर पैसे वाचतील ना?

स्टेपनीचं वय बघा (प्रश्न ५). गाडी आठ वर्षांची असेल तर ती ‘नवी’ स्टेपनीही आठ वर्षांची. पाच वर्षांच्या आतली, त्याच मापाची आणि त्याच मेकची असेल तर जरूर वापरा. मात्र बारीक, वेगळ्या मापाची स्टेपनी असेल आणि तिच्यावर ८० ची वेगमर्यादा लिहिलेली असेल तर ती फक्त दुकानापर्यंत जाण्यासाठी आहे.

१२. बजेट दोनच टायरचं आहे. नवे पुढे लावू की मागे?

मागे. यावर माझ्याशी सगळ्यांत जास्त वाद घातले जातात, कारण आपल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर ओढल्या जातात आणि पुढचे टायर लवकर झिजतात. दुकानदारही सवयीने पुढेच चढवतो.

ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाऊ लागते. ते स्टिअरिंगमध्ये जाणवतं, पाय उचलला की बऱ्याचदा सावरतं. मागचे सुटले तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि कळेपर्यंत वेळ गेलेली असते. माझं बिजासनला तेच झालं (प्रश्न ३). म्हणून चांगले टायर मागे आणि मागचे बरे असतील ते पुढे. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र दोनच बदलण्याआधी पुस्तिका बघा. टायरच्या घेरात फरक पडला तर आतले गिअर घासतात.

१३. एबीएस आहे, मग टायरची एवढी काळजी कशाला?

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. पकड मात्र टायरच देतो. टायर पाण्यावर तरंगत असेल तर एबीएसला सांभाळायला काही उरतच नाही.

१४. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची असते ना? आणि नायट्रोजन भरला तर टायर जास्त टिकतो का?

कमी ठेवायची नाही. हवा किती ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं आणि ते गार टायरसाठी असतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही त्याची कमाल मर्यादा आहे, भरायची हवा नव्हे. तापमान दहा अंशांनी बदललं तर दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. जानेवारीच्या पहाटे बरोबर भरलेली हवा मेच्या दुपारी चार-पाचने जास्त दिसेलच. चालून तापलेल्या टायरमधली हवा काढली तर सकाळी तो कमी हवेचा निघेल. कमी हवेने बाजू वाकते, तापते आणि हायवेवर टायर फुटण्याचं ते मोठं कारण आहे. पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी गाडी फिरवण्याआधी तपासा. गाडी भरून लांब जाणार असाल तर त्याच स्टिकरवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, तो पाळा.

नायट्रोजनने नुकसान नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला फुकटची हवा तपासणारा माणूस नायट्रोजन भरून विसरून जाणाऱ्यापेक्षा टायर जास्त टिकवतो.

१५. सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाडीला काही वेगळं?

सीएनजीचा सिलिंडर मागे असतो, त्यामुळे मागच्या चाकांना हवा किती ते त्या मॉडेलच्या स्टिकरवरूनच घ्या. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते आणि पाय ठेवताच पूर्ण जोर लावते, म्हणून टायर लवकर झिजतात. दहाऐवजी पाच हजारांवर खोली मोजा. यातल्या काही गाड्यांत स्टेपनी नसतेच. २०२० च्या नियमबदलाने ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर ती सूट दिली आहे. किटमधल्या द्रवाच्या बाटलीलाही मुदत असते, ती पाहून ठेवा. फुग्यावर किंवा फाटलेल्या बाजूवर त्या किटचा उपयोग होत नाही.

१६. मुलाला रुंद टायर हवेत. लावू का?

टायरचा एकूण घेर मूळ मापाच्या तीन टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि टायर वळताना मडगार्डला घासतो. मापापुढचा भार आणि वेगाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. उदाहरणार्थ ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो आणि ८८ म्हणजे ५६०. रुंद टायर दिसायला छान, पण खोली कमी झाल्यावर पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. हे मुलाला समोर बसवून सांगा.

१७. सेकंडहँड टायर निम्म्या किमतीत मिळतायत. घ्यावे का?

घेऊ नका. कुणाच्या गाडीवर, किती खड्डे खाऊन, किती वेळा हवेविना रेटून तो आलाय हे कळायचा मार्ग नाही. त्यात संपलेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने पुन्हा कोरून, काळा रंग मारून विकतात. खाच खोल दिसते ती आतल्या पोलादी जाळीवरचं रबर खाऊन. ओळखायची खूण: प्रश्न १ मधले उंचवटे गायब असतात किंवा कापलेले दिसतात. अडचण असेल तर साध्या कंपनीचे दोन नवे टायर घ्या आणि प्रश्न १२ प्रमाणे लावा.

१८. नवा घेताना दुकानात काय पाहू?

आयएसआय चिन्ह, माप, निर्देशांक आणि तारखेचे चार आकडे, चारही टायरवर स्वतः वाचून. सहा-आठ महिन्यांपूर्वीचा माल असला तर काळजी नाही. दोन वर्षं जुना असेल तर दुसरा मागा. व्हॉल्व्हही नवे बसवून घ्या, रबरी व्हॉल्व्ह टायरइतकेच म्हातारे होतात. पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचे नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर निघायला तेवढं अंतर लागतं.

१९. टायर फुटला तर विमा पैसे देतो का?

साधारण सर्वसमावेशक पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या बदलीच्या खर्चाचे ५० टक्के धरतात. टायरसाठी वेगळं जोडकलम (अ‍ॅड-ऑन) घेता येतं, पण नेहमीची झीज त्यातही येत नाही.

२०. काढलेले जुने टायर घरी आणू का?

कुंडी करायला, झोका बांधायला म्हणून आणतात आणि ते गच्चीवर पडून राहतात. पावसाचं पाणी टायरच्या आत साचतं, ओतून टाकलं तरी थोडं राहतंच, आणि डेंग्यूच्या डासाला तेवढंच लागतं. दुकानातच सोडा. मात्र सोडण्याआधी आपल्यासमोर त्याच्या बाजूच्या भिंतीला पात्याने चीर द्यायला सांगा, म्हणजे तो खाचा कोरून दुसऱ्या कुणाच्या गाडीवर चढणार नाही.